आकडा तोच, सर्व्हर निराळा

वेबसाइटचं सुरक्षा ऑडिट आता पतसंस्थांपासून विद्यापीठांपर्यंत सगळीकडे पोचलं आहे. ऑडिट करणारा लॅपटॉपवरून एक स्कॅनर सोडतो. स्कॅनर संस्थेच्या वेब सर्व्हरला दूरवरून हाक मारतो, आणि सर्व्हर उत्तर देता देता आपली ओळखही सांगून टाकतो: अपाची, आवृत्ती २.४.६, सेंटओएस. अपाचीची २.४.६ ही आवृत्ती जुलै २०१३ मधली. त्यानंतर अपाचीत सापडलेली एकूण एक भोकं स्कॅनर लाल रंगात छापतो आणि जाडजूड अहवाल सचिवांच्या टेबलावर येऊन पडतो. सचिव सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला बोलावतात. "अरे, दहा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर? मग दरवर्षी मेंटेनन्सचे पैसे कशाचे घेतोस?"

तो म्हणतो, "सर, ते जुनं दिसतं, पण जुनं नाहीये."

ऐकायला ही पळवाट वाटते. पण २०२३ साली हे उत्तर पूर्ण खरं असू शकत होतं. आज त्याच सर्व्हरकडे बोट दाखवून तेच उत्तर दिलं, तर ते बहुधा खोटं ठरेल. आकडा तेव्हाही २.४.६ होता, आजही २.४.६ च आहे. सर्व्हरवर काय बसलंय हे आकड्यावरून कळतं, असं आपण धरून चालतो. तिथेच गफलत होते, आणि ती फक्त सचिवांची होत नाही.

लिनक्सवर सॉफ्टवेअर सहसा मूळ कर्त्यांकडून थेट येत नाही. अपाचीचंच घ्या. तिची सुरुवात १९९५ सालची. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल याने एक वेब सर्व्हर लिहिला होता. तो केंद्र सोडून गेल्यावर कामाला वाली उरला नाही, तेव्हा ठिकठिकाणच्या वेबमास्तरांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि त्यातून अपाची उभी राहिली. १९९९ पासून अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन तिचा सांभाळ करते. पण पुण्यातल्या किंवा लातूरमधल्या सर्व्हरवर बसलेली अपाची या फाउंडेशनकडून आलेली नसते. ती डेबियन, उबुंटू किंवा रेड हॅट अशा एखाद्या वितरणाकडून आलेली असते. मध्ये पॅकेज सांभाळणारा माणूस असतो. तो मूळ कोड घेतो, फायली कुठे जाव्यात, कॉन्फिगची मांडणी कशी असावी हे ठरवतो, दुसऱ्या पॅकेजांशी मेळ घालतो आणि तयार पॅकेज भांडारात पाठवतो. भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते. त्यामुळे वाटेत कुणी पॅकेज बदललं तर डेबियन-उबुंटूवर पॅकेजं बसवणारं ॲप्ट हे साधन ते बसवायला नकार देतं.

इयन मरडॉक याने ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. तिथलं पॅकेज सांभाळण्याचं काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. २०२३ ची डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली होती, म्हणजे ही मंडळी आपल्यापासून फार लांब आहेत अशातला भाग नाही. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते, आणि निघाली की आतलं सॉफ्टवेअर गोठतं. नवी सोय नाही, नवा पर्याय नाही. एखादं भोक सापडलं तर नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती वेगळी काढायची आणि जुन्या कोडमध्ये बसवायची. याला बॅकपोर्ट म्हणतात. रेड हॅटमध्येही हेच चालतं. तिथे ते पगारी माणसं करतात, आणि रेड हॅटचं एक मोठं ऑफिस पुण्यातच आहे. वाड्याची कुजलेली तुळई बदलली म्हणून दारावरचा घर नंबर बदलत नाही. पॅकेजचंही तसंच आहे. मूळ आकडा तोच राहतो, पुढे लागलेलं शेपूट तेवढं वाढत जातं.

स्कॅनरला शेपूट दिसत नाही, कारण सर्व्हर बाहेर फक्त मूळ आकडा सांगतो. म्हणून त्या मुलाने पॅकेजची बदलनोंद काढून दाखवायची असते. कुठलं भोक कुठल्या तारखेला बुजवलं, हे त्यात क्रमांकासकट लिहिलेलं असतं. जाणता ऑडिटर ती नोंद बघून लाल ओळी खोडतो. सगळेच ऑडिटर जाणते नसतात.

शेपटाचा हा घोळ साऱ्या जगाने एकदम अनुभवला तो ७ एप्रिल २०१४ रोजी. त्या दिवशी हार्टब्लीड नावाचा दोष जाहीर झाला. दोष वेब सर्व्हरमध्ये नव्हता, ओपनएसएसएलमध्ये होता. पत्त्याच्या अलीकडे कुलपाचं चित्र दिसतं, त्यामागचं सांकेतिक काम करणारी ही लायब्ररी. अपाची आणि एन्जिनेक्स हे दोन्ही वेब सर्व्हर तिच्यावर विसंबतात. तिच्यात हार्टबीट नावाची एक सोय आली होती: जोडणी जिवंत आहे का हे बघायला एका बाजूने थोडा मजकूर पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, आणि दुसऱ्या बाजूने तोच मजकूर परत करायचा. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे मात्र ओपनएसएसएल तपासत नव्हतं. चार अक्षरं पाठवून लांबी चौसष्ट हजार सांगितली, तर सर्व्हर स्वतःच्या मेमरीतला शेजारचा मजकूर उचलून तेवढी भरती करून देत होता. त्या मजकुरात कुणाचा पासवर्ड, कुणाचं सत्र, कधी खुद्द सर्व्हरची खासगी किल्लीसुद्धा. आणि हे कितीही वेळा करा, सर्व्हरच्या लॉगमध्ये काही उमटत नसे.

हा कोड २०११ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री मूळ प्रकल्पात शिरला आणि मार्च २०१२ मध्ये १.०.१ या आवृत्तीबरोबर जगभर गेला. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. गूगलमधल्या नील मेहता यांना आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन कंपनीतल्या अभियंत्यांना तो स्वतंत्रपणे सापडला. जगातल्या सुरक्षित म्हणवणाऱ्या वेबसाइटांपैकी सुमारे १७ टक्के त्याच्या कचाट्यात होत्या, असा नेटक्राफ्ट या कंपनीचा हिशेब होता. कॅनडाच्या महसूल खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक त्याच आठवड्यात चोरीला गेले.

दुरुस्त आवृत्ती होती १.०.१जी. सगळे सर्व्हरवर जाऊन 'जी' शोधायला लागले. डेबियन ७ वाल्यांनी ॲप्ट चालवलं, आवृत्ती विचारली, तर उत्तर आलं १.०.१ई. म्हणजे दोषी आवृत्तीच! खरं तर शेपूट वाचायचं होतं. पूर्ण नाव १.०.१ई-२+डेब७यू५ असं होतं, आणि त्या 'यू५' मध्ये दुरुस्ती बसलेली होती. ज्यांनी शेपूट वाचलं नाही, त्यांतल्या काहींनी घाईघाईने मूळ कोड आणून हाताने कंपाइल केला. तो दिवस निभला. पण अशी हाताने बसवलेली लायब्ररी ॲप्टच्या हिशेबात नसते. पुढच्या सगळ्या दुरुस्त्या तिला चुकवून गेल्या. गंमत म्हणजे तेव्हा सर्वांत जुनाट ठरलेल्या डेबियन ६ ला काहीच झालं नाही. तिच्यातली ओपनएसएसएल ०.९.८ होती, आणि हार्टबीटची सोय तिच्यात आलेलीच नव्हती.

याच प्रकरणात आणखी खोल एक गोष्ट उघडी पडली, आणि ती आजही पुष्कळ जण विसरतात. पॅकेज बदललं म्हणजे डिस्कवरची फाइल बदलली, एवढंच. चालू असलेल्या अपाचीने जुनी लायब्ररी कधीच मेमरीत उघडून घेतलेली असते. लिनक्समध्ये वापरात असलेली फाइल पुसली तर तिचं नाव जातं, फाइल जात नाही. शेवटचा वापरणारा ती सोडत नाही तोवर जुना मजकूर तसाच जिवंत राहतो. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, तिच्यामुळेच चालत्या सर्व्हरवर पॅकेज बदलता येतं. पण तिचा अर्थ असा, की ॲप्ट म्हणतं दुरुस्त झालं, यादीत 'यू५' दिसतं, आणि बाहेरून विचारणाऱ्याला तोच सर्व्हर अजूनही मेमरी वाटत बसलेला असतो. अपाची बंद करून पुन्हा सुरू केली, तरच नवी लायब्ररी कामाला लागते. डेबियनच्या सुरक्षा पथकाने लगेच पाठोपाठ दुसरं पॅकेज काढलं. कोणकोणत्या सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतील, हे ते बसवतानाच विचारू लागलं. आता त्यासाठी 'नीडरीस्टार्ट' नावाचं साधन आहे. कोणती प्रक्रिया पुसलेल्या फायली धरून बसली आहे, ते दाखवतं. ज्याच्या सर्व्हरवर ते नाही, त्याने ते आजच बसवावं.

आपोआप सुरक्षा दुरुस्त्या बसवणाऱ्या 'अनअटेंडेड अपग्रेड्स' पॅकेजच्या भरवशावर निवांत असणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, दुरुस्ती असेल तर ते पॅकेज ती बसवतं आणि 'रीबूट हवा' अशी एक फाइल ठेवून मोकळं होतं. अशी फाइल कित्येक महिने तशीच पडून असलेले सर्व्हर काही कमी नाहीत.

हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएल सांभाळायला पूर्णवेळ असा एकच माणूस होता, आणि वर्षाला देणग्या यायच्या सुमारे दोन हजार डॉलर. तिच्यावर धंदा करणाऱ्या कंपन्यांना शरम वाटली, आणि लिनक्स फाउंडेशनने त्याच महिन्यात निधी उभा केला. हे इथेच थांबवतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता दुसरी बाजू. "चालतंय ना? मग हात लावू नको." हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक आयटी विभागात ऐकू येतं, आणि ते बोलणाऱ्याला आळशी ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, हे ज्याने एकदा रात्री दोन वाजता अनुभवलं आहे, तो दबकतो आणि त्याचं दबकणं रास्त असतं.

छोटी अपग्रेड आणि मोठी अपग्रेड यांत फरक केला नाही तर ही भीती समजत नाही. एकाच स्थिर आवृत्तीतल्या सुरक्षा दुरुस्त्या ही छोटी अपग्रेड. तिच्यात काही मोडण्याची शक्यता अगदी कमी असते, कारण गोठवण्याचा सारा खटाटोप त्यासाठीच असतो. (नवशिके इथेही एकदा फसतात. 'ॲप्ट अपडेट' हा आदेश फक्त यादी ताजी करतो, बसवत काहीच नाही. बसवतो तो 'ॲप्ट अपग्रेड'.) मोठी अपग्रेड म्हणजे एका वितरणातून पुढच्या वितरणात जाणं. तिथे दोन-तीन वर्षं साठलेले बदल एका रात्रीत अंगावर येतात.

डेबियन ७ वरून ८ वर जाणाऱ्यांचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ आली आणि तिच्याबरोबर अपाची २.२.२२ वरून एकदम २.४.१० वर गेली. मधल्या काळात अपाचीच्या मूळ मंडळींनी कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे सांगायची भाषाच बदलली होती. पूर्वी 'ऑर्डर अलाउ, डिनाय' आणि 'अलाउ फ्रॉम ऑल' असं लिहायचे, आता 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' लिहायचं. जुनी भाषा समजणारं एक मॉड्यूल ठेवलं होतं, पण जुनी आणि नवी सरमिसळ झाली की हमखास गोंधळ. अपग्रेड बिनबोभाट पार पडायची, अपाची सुरू व्हायची, आणि साइट उघडली की पांढऱ्या पानावर '४०३ फॉरबिडन'.

त्याहून फसवा बदल डेबियनच्या मांडणीत झाला. प्रत्येक साइटची कॉन्फिग फाइल 'साइट्स-एनेबल्ड' फोल्डरमध्ये असते. डेबियन ७ पर्यंत त्या फाइलला कुठलंही नाव चालत असे. डेबियन ८ पासून नावाच्या शेवटी 'डॉट कॉन्फ' असेल तरच अपाची ती वाचू लागली. ज्या फाइलला ते नाही, ती गुपचूप वगळायची. चूक दाखवायची नाही, इशारा द्यायचा नाही. कॉन्फिग तपासणारा आदेश चालवला तर 'सिंटॅक्स ओके'. म्हणजे परीक्षेत पास, आणि कॉलेजच्या पत्त्यावर प्रवेशपुस्तिकेऐवजी डेबियनचं ठरावीक पान: 'इट वर्क्स!' अशा वेळी तो मजकूर वाचून ज्याचा तळतळाट होतो, त्याला विनोदबुद्धी शिल्लक असेल तर तो हसतो. शिवाय साइटच्या फायली ठेवायची ठरलेली जागाही त्याच वेळी एक पायरी आत सरकली होती. पॅकेज सांभाळणाऱ्यांनी हे सगळं सूचनांमध्ये लिहिलं होतं. वाचणारे थोडेच निघाले.

सूचना न वाचता पुढे गेलेल्याला मध्येच एक प्रश्न भेटतो. अपग्रेड चालू असताना पडदा थांबतो आणि पॅकेज उलगडणारं डीपीकेजी हे साधन विचारतं: ही कॉन्फिग फाइल तुम्ही बदलली आहे, पॅकेजबरोबर नवी फाइल आली आहे, काय करू? नवी बसवू, जुनी ठेवू, दोन्हींतला फरक दाखवू, की कमांडलाइन उघडून देऊ, तुम्हीच बघा? काही न सांगता एंटर दाबलं तर जुनी राहते. मला हा प्रश्न फार सभ्य वाटतो. तुझं घर आहे, तुझ्या परवानगीशिवाय खुर्ची हलवणार नाही, असं सांगणारी व्यवस्था सॉफ्टवेअरच्या जगात विरळा. रेड हॅटच्या बाजूला तर विचारतही नाहीत. बदललेली फाइल सहसा जागेवर ठेवतात आणि नवी फाइल शेजारी 'आरपीएमन्यू' असं शेपूट लावून ठेवतात. तिच्याकडे बघणं आपल्यावर. पण 'जुनी ठेव' हे उत्तर दरवेळी सुरक्षित नसतं. अपाची नवी आणि कॉन्फिग जुनी असेल तर वरचा ४०३ भेटू शकतो. 'नवी बसव' म्हटलं तर मागच्या पाच वर्षांत कुणीतरी घातलेल्या सगळ्या ओळी गेल्या. जुनी फाइल शेजारी जपून ठेवलेली असते खरी, पण त्या ओळी कशासाठी होत्या, हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. त्या प्रश्नात 'फरक दाखव' हा पर्याय आहे, तो याचसाठी.

मग पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या, ग्रंथालयांच्या, स्थानिक वृत्तपत्रांच्या किती तरी साइट २००५ ते २०१२ च्या सुमारास पीएचपीत लिहिल्या गेल्या, डेटाबेसशी बोलायला 'मायएसक्यूएल कनेक्ट' ही जुनी पद्धत वापरून. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं आणि ती पद्धत मुळातूनच काढून टाकली गेली. डेबियन ९ मध्ये, म्हणजे जून २०१७ ला, हेच पीएचपी ७ आलं. अपग्रेड झाली, साइट कोरी. मूळ प्रोग्रॅमर आता बंगळूरला, कोडची प्रत कुणाच्या तरी बंद पडलेल्या लॅपटॉपवर.

काही ठिकाणी पान कोरं राहिलं नाही, अक्षरं बिघडली. देवनागरीचं एक अक्षर युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं. जुन्या कोडमध्ये डेटाबेसची जोडणी ते बाइट लॅटिन समजून आत ढकलायची आणि लॅटिन समजूनच बाहेर काढायची. दोन्हीकडे चूक सारखीच, त्यामुळे पान नीट दिसायचं. नवी जोडणी यूटीएफ-८ बोलू लागली आणि 'मराठी' या शब्दाच्या जागी मात्रा दिलेल्या रोमन 'ए' अक्षरांची आणि परकीय चिन्हांची रांग उभी राहिली. इंग्रजी साइटवाल्याला हा दोष वर्षानुवर्षं कळत नाही, कारण रोमन अक्षरांना काही होत नाही. मराठी साइटवाल्याला तो पहिल्याच ओळीत दिसतो.

सगळ्यांत घातक प्रकार आणखी वेगळा. मोठ्या अपग्रेडमध्ये जुन्या पीएचपीचं मॉड्यूल जातं आणि नवं अपाचीला जोडायचं राहतं. मग अपाचीच्या दृष्टीने पीएचपीची फाइल म्हणजे साधा मजकूर. मागणाऱ्याला ती जशीच्या तशी वाढून देते, आत लिहिलेल्या डेटाबेसच्या पासवर्डसकट. म्हणून मोठ्या अपग्रेडनंतर आधी पीएचपी चालतंय का ते बघायचं, मगच साइट जगाला उघडायची.

पुण्यात बसून नाशिक-कोल्हापूरकडच्या कॉलेजांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या एका सिस्टिम ॲडमिनशी बोललो. नाव छापू नका म्हणाला. रिझल्टच्या आठवड्यात आणि ॲडमिशनच्या महिन्यात तो सर्व्हरला हात लावत नाही, सुरक्षा दुरुस्त्या सोडून. मोठी अपग्रेड असेल तर आधी सर्व्हरची हुबेहूब प्रत दुसरीकडे उभी करतो आणि तिथे मोडतोड करून घेतो. "बॅकअप घेतला असं सगळेच सांगतात. तो परत लावून पाहिला का, ते विचारा. तिथे गप्प होतात." प्रत्यक्ष अपग्रेड तो टीमक्समध्ये चालवतो. घरचं इंटरनेट मध्येच गेलं तरी सर्व्हरवरचं काम अर्धवट तुटत नाही, परत येऊन त्याच पडद्यावर बसता येतं. पॅकेज अर्धं उलगडलेलं असताना जोडणी तुटणं हे त्याने एकदा भोगलेलं आहे. त्याबद्दल तो जास्त बोलला नाही. रीस्टार्ट मारण्यापूर्वी कॉन्फिगची तपासणी, मारल्यावर लॉगकडे नजर, आणि मग मोबाइल डेटावरून साइट उघडून बघणं, कारण ऑफिसच्या नेटवर्कमधून सगळं नेहमी छानच दिसतं.

एन्जिनेक्सवाल्यांना या बाबतीत थोडं सुख आहे. रशियातल्या रॅम्ब्लर कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोएव याने तो लिहिला आणि २००४ साली जगासाठी खुला केला. त्याच्यात चालू सर्व्हरचा प्रोग्रॅमच बदलायची व्यवस्था आहे. नवं पॅकेज बसवायचं, मुख्य प्रक्रियेला एक ठरावीक संकेत पाठवायचा, की ती नव्या प्रोग्रॅमला जन्म देते. थोडा वेळ जुना आणि नवा दोघंही त्याच दारावर उभे राहून लोकांना उत्तरं देतात. नवा नीट चालतोय अशी खात्री पटली की जुन्याला हातातलं काम संपवून जायला सांगायचं. नाही पटली तर नव्याला घालवायचं, जुना तिथेच उभा आहे. एकही जोडणी न तोडता अपग्रेड. अपाचीतही हळुवार रीलोड आहे, पण लायब्ररी बदलली असेल तर तिथे पूर्ण रीस्टार्टला पर्याय नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग सरळ सगळ्यांत नवी आवृत्ती बसवावी, म्हणजे शेपटाची भानगड नको. सप्टेंबर २०२१ मध्ये ज्यांनी तसं केलं, त्यांची गोष्ट ऐका. अपाची २.४.४९ आली. तिच्यात पत्त्यातले ठिपके आणि तिरक्या रेघा सोडवण्याचा कोड नव्याने लिहिला होता, आणि त्यात चूक राहिली. ठिपक्याऐवजी त्याचं सांकेतिक रूप लिहून पाठवलं की सर्व्हर ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर जाऊन फायली वाचून देत होता. सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवण्याची सीजीआय ही सोय चालू असेल तर बाहेरच्याचे आदेशही पाळत होता. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली, तिची दुरुस्ती अर्धवट निघाली, आणि ७ तारखेला २.४.५१ काढावी लागली. हा दोष फक्त त्या नव्या आवृत्त्यांत होता. डेबियन आणि उबुंटूच्या स्थिर आवृत्त्यांवर जुन्या अपाचीने चालणाऱ्यांच्या दारात तो आलाच नाही. शिवाय डेबियनच्या कॉन्फिगमध्ये मूळ फोल्डरसाठी 'सगळ्यांना मनाई' असं आधीपासूनच लिहिलेलं असतं. ज्यांनी ती ओळ काढली नव्हती, त्यांच्या फायली असल्या चुकीतही बाहेर गेल्या नसत्या.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हा प्रश्न पडला आणि तो खणत गेला. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत आणि फेडोरा या वितरणाच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत पोचली होती. स्थिर डेबियनपर्यंत नाही. उशिराने येण्याचा असाही फायदा असतो. मात्र तो वितरणाने ठरवून केलेला उशीर असायला हवा, आपल्या कंटाळ्याने झालेला नव्हे. आणि खुद्द डेबियनही या बाबतीत कर्मठ नाही. अपाचीच्या बाबतीत अलीकडे एकेक ठिगळ उचलण्यापेक्षा मूळची पूर्ण नवी आवृत्तीच सुरक्षा दुरुस्ती म्हणून घ्यायचा मार्ग त्यांनी पत्करला आहे. म्हणजे पुन्हा आकड्यावरून अंदाज बांधायची सोय नाही.

आता सुरुवातीचा तो सेंटओएसवाला सर्व्हर. सेंटओएस ही रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्सची फुकट मिळणारी नक्कल होती. रेड हॅटने केलेली प्रत्येक दुरुस्ती काही दिवसांत सेंटओएसवर येत असे, तीही बिनपैशांची. भारतात वेब होस्टिंगवाल्यांनी ती डोक्यावर घेतली यात नवल नाही. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की सेंटओएस ८, जी २०२९ पर्यंत चालायची होती, ती २०२१ च्या अखेरीस संपेल. लोक चिडले. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन नवे प्रकल्प त्या रागातून पुढच्याच वर्षी उभे राहिले. सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालली, आणि अपाची २.४.६ ही तिच्यातली. दहा वर्षं त्या २.४.६ च्या पोटात दुरुस्त्या बसत राहिल्या. १ जुलै २०२४ पासून त्या थांबल्या. रेड हॅटचे पैसे भरणाऱ्या ग्राहकांना वाढीव मुदत आहे, सेंटओएसवाल्यांना नाही.

त्या तारखेला पडद्यावर काही झालं नाही. सर्व्हर चालू राहिला. अपडेटचा आदेश दिला तर आधी 'नवं काही नाही' असं उत्तर आलं, आणि भांडार जुन्या वस्तूंच्या कोठारात हलवल्यावर पत्ता सापडत नसल्याची तक्रार आली. 'नवं काही नाही' हे वाचून निर्धास्त झालेली माणसं मला भेटली आहेत. नवं काही नाही, कारण पाठवणारं कुणी उरलेलं नाही.

या सगळ्यावर एक उपाय आपल्याकडे सर्रास होतो, आणि तो मला हातचलाखी वाटतो. अपाचीच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ लिहिली की सर्व्हर बाहेर आवृत्ती सांगायचं बंद करतो. स्कॅनर मुका होतो, अहवालातल्या लाल ओळी गळतात, ऑडिट पास. ओळ लिहायला हरकत नाही, उगाच आपली माहिती वाटत फिरू नये हे खरंच. पण भोकं होती तिथेच असतात. आता ती फक्त आपल्याला दिसत नाहीत.

दोष एकट्या ॲडमिनचा नाही. आपल्याकडच्या निविदेत 'वेबसाइट डिझाइन व डेव्हलपमेंट' असतं, पानांची संख्या असते, स्लायडर किती हवेत हेही असतं. पुढची पाच वर्षं सर्व्हरचं वितरण कोण बदलणार, त्याचे तास कोण मोजणार, साइटचा कोड नव्या पीएचपीवर कोण आणणार, यावर एक ओळ नसते. मग वार्षिक देखभालीच्या कंत्राटात मजकूर बदलणं आणि फोटो चढवणं एवढंच होतं. चार वर्षांनी मोठी अपग्रेड आली की ती 'स्कोपच्या बाहेर'. आणि सर्व्हर फुटला, तर सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग जपलेले असावे लागतात. सहा तासांत कळवायची तयारी ठेवण्यापेक्षा दर आठवड्याला अर्धा तास अपग्रेडला देणं स्वस्त पडतं, हा हिशेब कुठल्याही सचिवाला मांडता यावा.

वाचकांपैकी कुणी एखाद्या संस्थेच्या, शाळेच्या, सोसायटीच्या, छोट्या वृत्तपत्राच्या कार्यकारिणीवर असेल, तर त्यांना एवढीच विनंती आहे. साइट सांभाळणाऱ्याला आवृत्तीचा आकडा विचारू नका. कुठलं वितरण आहे, त्याला दुरुस्त्या कोण पाठवतं आणि त्या कुठल्या तारखेपर्यंत येणार आहेत, हे विचारा. शेवटची दुरुस्ती बसल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू केला होता का, हेही विचारा. उत्तर 'सेंटओएस ७' असं आलं, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत सर्व्हर बदलण्याचा खर्च लिहा.